प्रभाताईंचा फळा

आमच्या सोसायटीत फळा आला तो पाण्याच्या टँकरमुळे.

गाझियाबादच्या त्या नव्या वस्तीत आम्ही राहायला गेलो ते साल अठ्ठ्याण्णव. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत कारंजं होतं, प्रत्यक्षात नळालाच पाणी नव्हतं. दिल्लीत घर घेणं ज्यांना झेपलं नाही अशी सगळ्या प्रांतांतली माणसं यमुना ओलांडून तिथे येऊन पडली होती. समोर मोहरीची शेतं, मागे अर्धवट उभ्या इमारतींचे सांगाडे, आणि मधे आम्ही, हप्त्यावर घेतलेल्या गाड्या रोज सकाळी पुसत. शेजारी कोण राहतं ते कोणाला ठाऊक नसायचं, पण टँकर केव्हा येणार याची चौकशी मात्र सगळे सगळ्यांकडे करायचे. या चौकशांना कंटाळून सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी यांनी बी ब्लॉकच्या जिन्यापाशी एक काळा फळा ठोकला. पण त्यागीजींचं अक्षर असं, की त्यांचा सहा एकाला आठ वाटे आणि दुसऱ्याला शून्य. अर्धा ब्लॉक बिनआंघोळीचा राहिल्यावर चांगल्या अक्षराचा शोध सुरू झाला आणि तो तिसऱ्या मजल्यावर प्रभाताई नगरकरांच्या दारात जाऊन थांबला.

प्रभाताई पहाडगंजातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. उंच, काटकुळ्या, सुती साडी चापूनचोपून नेसलेल्या आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघून सोसायटीतल्या बायका आधी हसल्या, मग सवयीने विसरल्या. बी ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. तरीही पहिले कितीतरी महिने आमची ओळख लिफ्टमधल्या "काय, बरं आहे ना?" च्या पुढे गेली नव्हती. मी बँकेत, श्याम नोएडातल्या एका परदेशी कंपनीत, मुलगी तनया पाळणाघरात. आम्हाला मान वर करायला फुरसत नव्हती. शिवाय मी फटकळ आहे असं माझ्या सासूबाईंपासून श्यामपर्यंत सगळे म्हणतात, तेव्हा ते खरंच असणार.

तर प्रभाताई रोज सकाळी खडू घेऊन खाली उतरू लागल्या. वर टँकरची वेळ, त्याखाली गॅसचा, विजेचा निरोप, आणि सगळ्यात खाली त्यागीजींच्या आग्रहावरून एक सुविचार. सगळं हिंदीत, मोत्यासारख्या अक्षरात. शाळेत त्यांनी उभा जन्म सुविचार लिहिले होते. कोणी वाचतं का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर ठाऊक होतं. इथेही तेच. लोक टँकरची वेळ बघायचे आणि खालची ओळ न वाचता पुढे जायचे.

एक दिवस त्यांना कंटाळा आला. सुविचाराच्या जागी त्यांनी लिहिलं (मी मराठीत सांगते): "काल वीज गेली तेव्हा लिफ्टपाशी दोन माणसं उभी होती. एकमेकांना ओळखत नव्हती. वीज आली तेव्हा दोघंही हसत होती. कशाला ते मला ऐकू आलं नाही."

दुसऱ्या दिवशी: "टँकरपाशी एकीने आपली बादली मागे घेऊन मागचीची पुढे सरकवली. मागचीला ते कळलंही नाही."

मग एकदा: "चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. काल नातवाला आत बसण्याआधी त्यांनी चड्डी झटकायला लावली. मग आपलीही झटकली."

नाव कोणाचंच नाही. दोन-तीन ओळी, बस्स. पण आता लोक फळ्यापाशी थांबू लागले. ऑफिसची घाई असलेली माणसंसुद्धा स्कूटरवर एक पाय टेकवून वाचायची आणि मान हलवत निघायची. सकाळी सकाळी आपल्या जिन्याखाली आपल्यातल्याच कोणाचं तरी काहीतरी लिहिलेलं असतं, याची सगळ्यांना गंमत वाटू लागली.

मला वाटली नाही. कारण एका सकाळी तिथे लिहिलेलं होतं: "एक बाई दाराला कुलूप लावून निघाली. अर्ध्या जिन्यातून परत आली, कुलूप ओढून पाहिलं. गेली. परत आली, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा कुलपाकडे बघून स्वतःशीच म्हणाली, 'बस हो गया, अब जाऊँ?'"

मी तडक तिसऱ्या मजल्यावर गेले. बेल दाबली आणि दार उघडताच म्हटलं, "ती मी होते."

"हो का?" प्रभाताई म्हणाल्या. "मी तर नाव लिहिलं नाही."

"पण कळलं ना!"

"कोणाला कळलं?"

"मला कळलं," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या, की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मग मीही हसले. मराठी बाई मराठी दारात हिंदीत कुलपाची समजूत काढते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी मला आत बसवलं, चहा केला, आणि तिथून आमची खरी ओळख सुरू झाली.

घर नीटनेटकं आणि गप्प होतं. दोन खोल्या, आणि दोन्हींत एकसारखं लोखंडी कपाट. एकटीला दोन कपाटं कशाला, असं मी विचारलं. मी विचारतेच. तेव्हा त्यांनी भानुमतीबाईंचं सांगितलं.

भानुमतीबाई त्याच शाळेत गणित शिकवायच्या. दोघींनी लग्नं केली नव्हती. पहाडगंजात एका हॉटेलाच्या मागच्या गल्लीत दोघींनी मिळून एक खोली घेतली आणि तिथेच अख्खी नोकरी काढली. संध्याकाळी शाळेतून आल्यावर चहा व्हायचा आणि भानुमतीबाई विचारायच्या, "आज काय पाहिलंस?" मग प्रभाताईंनी सांगायचं. काही मोठं नाही. स्टेशनाबाहेरचा हमाल दुसऱ्या हमालाला विडी पेटवून देताना वाऱ्याकडे पाठ करून कसा उभा राहिला, सातवीतल्या मुलीने नवी रिबीन कोणाच्या लक्षात येते का हे बघायला वर्गात किती फेऱ्या मारल्या, असलं. भानुमतीबाईंना स्वतःला काही दिसायचं नाही, त्या रस्त्याने मनात गणितं सोडवत चालायच्या. पण ऐकायला त्यांच्यासारखं कोणी नाही, असं प्रभाताई म्हणाल्या. गाझियाबादचा हा फ्लॅट दोघींनी मिळून नोंदवला होता. ताबा मिळायच्या आदल्या वर्षी भानुमतीबाई गेल्या. कपाटांची ऑर्डर आधीच दिलेली होती.

"मला अजूनही दिसतं गं," प्रभाताई म्हणाल्या. "दिवसभर दिसतच राहतं. आणि संध्याकाळ झाली की ते सगळं तसंच पडून राहतं. सांगायचं कोणाला? एवढी पंचाईत होते."

फळ्यावर त्या का लिहीत होत्या ते मला तेव्हा कळलं. एका माणसाला सांगायचं होतं, ते माणूस राहिलं नव्हतं, म्हणून त्या अख्ख्या सोसायटीला सांगत होत्या. रोज संध्याकाळी यायचं असं मी मनाशी ठरवलं आणि अर्थातच रोज गेले नाही. जमेल तशी जात राहिले.

फळ्याची कीर्ती एव्हाना ए आणि सी ब्लॉकात पोचली होती. आणि इथेच सगळं बिघडलं.

माणसाला आपल्याकडे कोणी बघतंय असं कळलं की ते सरळ चालतच नाही. बन्सलांचा मुलगा प्रभाताईंच्या बाल्कनीच्या बरोबर खाली पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवू लागला. ठेवायचा, वर बघायचा, पुन्हा उचलून पुन्हा ठेवायचा. त्यागीजी स्वतः एका संध्याकाळी केळ्याचं साल उचलताना दिसले. ते त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलं, पण हात लांब धरून, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. आणि टँकरपाशी तर कहर झाला. बादली पुढे सरकवणारी बाई फळ्यावर झळकल्यापासून तिथे नुसतं "पहले आप, पहले आप" सुरू झालं. एक बाई बादली मागे घेई, दुसरी तिच्याहून मागे. पाईप मधल्यामध्ये उघडा, पाणी रस्त्यावर, आणि टँकरवाला कपाळाला हात लावून बसलेला.

"शाळेत इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी पोरं अशीच बसायची," प्रभाताई म्हणाल्या. "हाताची घडी, तोंडावर बोट. आणि मला वाटायचं, कोणीतरी आता एक चिमटा काढा रे."

असलं ठरवून केलेलं त्या लिहीत नसत. त्यामुळे ज्यांचं आलं नाही ते रुसले. पहिल्या मजल्यावरच्या सूद आंटी तर जाता-येता त्यांना अडवायच्या. सूद आंटी म्हणजे थोराड, गोऱ्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या एकट्या पंजाबी बाई. मुलगा कॅनडात. दिवसभर त्या बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या असत. "प्रभाजी, सबका लिखती हो, मेरा कभी नहीं लिखा," त्या म्हणायच्या, अर्धं हसत, अर्धं खरं.

"त्यांचं काय लिहू?" प्रभाताई मला म्हणाल्या. "त्या दिवसभर बसून माझीच वाट बघत असतात. वाट बघणाऱ्या माणसाचं काही दिसतच नाही बघ. ते नुसतं आपल्याकडे बघत असतं."

याहून वाईट झालं ते वेगळंच. प्रभाताई लिफ्टमध्ये शिरल्या की बोलणं थांबू लागलं. आधी गमतीने. "संभल के बोलो भई, टीचरजी आ गईं।" मग खरोखरच. बायकांची दुपारची बैठक बसायची, भिशी आणि तांबोला. त्यात त्यांना एकदा बोलावलं, पुढे नाही. नवरा-बायकोची कुरबूर, पोराचे मार्क, सासूचं वागणं, हे सगळं जिथे बोलायचं तिथे ही बाई डोळे उघडे ठेवून बसणार आणि सकाळी खडू घेऊन उतरणार, असं प्रत्येकीला वाटलं. बरं, प्रभाताईंनी कोणाचं वाईट असं एक अक्षर लिहिलं नव्हतं. पण माणसं चांगलं लिहिलेलंही आपल्या सोयीनेच वाचून घेतात. फळा सगळ्यांना हवा होता आणि फळा लिहिणारी दारात नको होती.

त्यांना हे कळत होतं. ज्यांना सगळं दिसतं त्यांना एवढं दिसणार नाही होय? मी एकदा म्हटलंसुद्धा, "सोडून द्या ना प्रभाताई. त्यागीजींना लिहू दे टँकरची वेळ. राहू दे सगळ्यांना पारोसं."

"आणि मग मी खाली कशासाठी उतरू?" त्यांनी विचारलं.

त्यांनी कामाला बाई ठेवली नव्हती. एकटीचं असतं काय काम, म्हणायच्या. दूध त्या स्वतः बूथवरून टोकन टाकून आणत. पेपरवाला पेपर खालून बाल्कनीत भिरकावी. म्हणजे त्यांच्या दाराची बेल वाजवण्याचं कारण सोसायटीत कोणालाच नव्हतं. अशा वस्त्यांचं हेच असतं. कोणाची कोणाला गरज लागू नये अशी सगळी सोय केलेली असते.

त्या वर्षी गौरी-गणपतीला मी तनयाला घेऊन माहेरी सोलापूरला गेले. निघताना प्रभाताईंना भेटले. आईने मागे पाठवलेल्या खाऊतला एक डबा त्यांना दिला, परत यायचा दिवस सांगितला, आणि गाडी गाठली. पुढचे सगळे दिवस मोदक, आरत्या आणि भावजयीशी गप्पा यांत गेले. गाझियाबादची आठवण मला मुळीच आली नाही.

परतलो ते ऐन दुपारी. श्याम स्टेशनावर घ्यायला आला होता, टॅक्सी केली. गेटपाशी सामान उतरवत असतानाच बी ब्लॉकच्या जिन्यात बायकांची ये-जा दिसली. बन्सलबाई हातात झाकलेलं स्टीलचं भांडं घेऊन चढत होत्या. वरून त्यागीजींची बायको रिकाम्या हाताने उतरत होती, चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान. मी म्हटलं, "क्या हुआ? कोणाकडे काय आहे?"

"फळा नाही वाचला?" त्यागीबाई हिंदीत म्हणाल्या. "बिचाऱ्या सूद आंटी. एवढ्या तापात एकट्या पडल्या होत्या आणि आपल्याला पत्ताच नाही. मी खिचडी देऊन आले."

मी बॅग तिथेच ठेवली आणि फळ्यापाशी गेले.

टँकरची वेळ होती. त्याखाली लिहिलं होतं: "आपल्या ब्लॉकात एका बाईला ताप आला. बरेच दिवस होता. काल ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला, भाताची पेज केली आणि ओट्याशी उभ्याउभ्या खाल्ली. मग ताप उतरला का बघायला स्वतःच्याच कपाळावर हात ठेवला. हातही तेवढाच गरम होता, त्यामुळे तिला काही कळलं नाही."

आणि त्याच्याखाली, फळ्याच्या लाकडी पट्टीला टेकलेली, उरलेल्या जागेत कशीबशी बसवलेली बारीक अक्षरांतली एक ओळ: "पेजेवर तिने डब्यातली पिवळी पूड घातली होती."

बन्सलबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पिवळी पूड म्हणजे हळद असेल," त्या म्हणाल्या. "तापात हळद चांगली."

हळद नव्हे. ते मेतकूट होतं, मी निघताना दिलेल्या डब्यातलं. मऊ भात आणि मेतकूट. आजारी पडल्यावर दुसरं काय खातो आपण? त्या अख्ख्या सोसायटीत मेतकूट असलेली घरं दोन, आणि त्यातल्या एकात आठवडाभर गॅस पेटला नव्हता. श्याम रोज ढाब्यावर जेवत होता.

तनयाला मी श्यामच्या हवाली केलं आणि जिना चढले. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर नव्हता. पहिल्या मजल्यावर सूद आंटींच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता, आतून बायकांचे आवाज येत होते. तिसऱ्या मजल्यावर एकही चप्पल नव्हती.

दार उघडायला प्रभाताईंना वेळ लागला. गालफडं बसली होती, ओठांना चिरा पडल्या होत्या, साडी मात्र तशीच चापूनचोपून.

"आलीस? प्रवास नीट झाला?" त्या म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "फळा वाचलास?"

"वाचला."

"कोण असेल गं ती?"

"तुम्ही," मी म्हटलं.

त्या मटकन खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग एकेक सांगू लागल्या. ताप चढला तसा फळा लिहिणं राहिलं. जुनाच मजकूर तसाच राहिला तेव्हा गेटवरून इंटरकॉम आला, टीचरजी, बोर्ड कब लिखेंगी, सब पूछ रहे हैं. त्यांनी सांगितलं, कल लिखूँगी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळे विचारत होते ते फळ्याबद्दल. आज थोडं बरं वाटलं तेव्हा कठडा धरत धरत खाली गेल्या आणि लिहिलं. लोक जमले, त्यांच्या देखत वाचू लागले. प्रत्येकाला हळहळ वाटली. कोण, कोण, म्हणून अंदाज बांधू लागले. प्रभाताई हातात खडू घेऊन तिथेच उभ्या, गालफडं बसलेल्या, आणि त्यांनाच विचारत होते, "प्रभाजी, बताइए ना, कौन थी?" मग कोणीतरी म्हणालं की सूद आंटी परवा खोकत होत्या. झालं. सगळे तिकडे वळले.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"काय बोलू? 'अहो, माझी कीव करा', असं?"

मला त्या सगळ्यांचा संताप आला होता आणि संतापाने रडू येत होतं. मी पाणी तापवलं, त्यांना पाय धुवायला लावले, चादर बदलली. हाताला काम लावलं की मला बरं वाटतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सूद आंटी, धापा टाकत. लिफ्ट अडकली होती, म्हणून दोन जिने तसल्या गुडघ्यांनी चढून आल्या होत्या. हातात वाडगा.

"खिचड़ी लाई हूँ, प्रभाजी। पाँच घरों से आई है, मैं अकेली कितनी खाऊँगी? आप भी अकेली हो, पकाने का झंझट बचेगा।"

त्या बसल्या. वाडगा मांडीवरच ठेवला. इकडे तिकडे बघितलं, मग आवाज खाली आणला.

"एक बात कहूँ? बुखार मुझे था ही नहीं। पहली आई तो मैंने कहा, नहीं जी, मैं नहीं हूँ। उसने सुना नहीं, माथे पे हाथ रख दिया। फिर दूसरी आई। फिर मैंने मना नहीं किया।" त्यांनी ओढणीने नाक पुसलं. "इस घर में आए इतने साल हो गए, आज पहली बार किसी ने मेरी रसोई देखी। अब डर लग रहा है। जिसको बुखार था वो बेचारी तो रह गई ना? आपको पता होगा, कौन थी वो?"

मी तोंड उघडलंच होतं. प्रभाताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत मागच्या बाकावर बघत असतील.

"आप ही थीं," प्रभाताई म्हणाल्या.

"मैं? पर मुझे तो…"

"बुखार का क्या है, बहनजी। कभी-कभी ख़ुद को पता नहीं चलता।"

सूद आंटींनी हळूच आपल्याच कपाळाला हात लावला. विचार केला. "कमज़ोरी तो थी," त्या म्हणाल्या. "दो-चार दिन से थी।" मग त्यांचा चेहरा सैल झाला. वाडगा टेबलावर ठेवून, भिंतीचा आधार घेत त्या निघाल्या. त्यांना आता घरी लवकर पोचायचं होतं, कारण ए ब्लॉकातल्या बायका यायच्या होत्या.

दार लागलं आणि मी प्रभाताईंवर उसळले. "हे काय केलंत? एवढं सगळं तुमचं होतं ते. तिला देऊन टाकलंत?"

"अगं, तिच्या कपाळाला पाच जणींनी हात लावला. आता काय सांगू त्यांना, तो हात परत घ्या?"

"मग तुमचं काय?"

"माझं काय. तू आलीस की."

त्यांनी वाडग्यावरचं झाकण काढलं, वास घेतला, पुन्हा झाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मेतकूट वाचून आलीस ना?"

"हो."

"ते नसतं लिहिलं तर?"

मी खोटं बोलू शकते. बँकेत तर दिवसभर गोड गोड बोलते. पण ती बाई माझ्याकडे बघत होती आणि तिच्यापासून काही लपत नाही हे मला ठाऊक होतं.

"मग नसतं कळलं," मी म्हटलं.

"नसतंच कळलं," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "आधी मी ते लिहिलं नव्हतं. लिहून झालं, सगळे सूदबाईंकडे गेले, आणि मी एकटीच तिथे उभी राहिले. मग म्हटलं, वृंदाची गाडी आज दुपारची आहे. तेव्हा ती एक ओळ खाली घातली."

मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. हात काढू लागले तर त्यांनी मनगट धरून तो तिथेच दाबून ठेवला, बराच वेळ, आणि मीही काढला नाही.

मग त्यांनी खिचडी खाल्ली. मीठ कमी आहे, म्हणाल्या.